घर नवं दिसायला हवंय ना, मग सुतार सगळ्यात शेवटी बोलवा

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला बारा वर्षांपूर्वी घेतलेला टू बीएचके, आतलं कार्पेट साडेसहाशेच्या आसपास, घरात तुम्ही दोघं, दहावीत गेलेला मुलगा आणि सासूबाई. पाच-साडेपाच लाख बाजूला काढलेत, घर सोडून भाड्याने राहायला जायचं नाही, आणि मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलेल्यात फ्लूटेड (उभ्या खाचांचं) पॅनल, लाइमवॉशची भिंत, केनचं (वेताच्या जाळीचं) वॉर्डरोब, कमानी, पांढरा बूक्ले (गाठीगाठींच्या कापडाचा) सोफा असं सगळं आहे. यातलं काय घ्यावं, काय दोन वर्षांत जुनं दिसेल, आणि गणपतीच्या आत उरकेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते. गणपतीच्या आत उरकायला जाऊ नका. करून देणारे भेटतील, हो म्हणायला कोणाचं काय जातंय, पण जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की पुट्टी वरून सुकल्यासारखी वाटते आणि आतून ओलीच राहते, त्यावर पेंटरने घाईत प्रायमर ओढला की दिवाळीपर्यंत पापुद्रे निघायला लागतात. लाकडी दारं या दिवसांत फुगलेली असतात, तेव्हा तासून बसवलेलं दार एप्रिलमध्ये सैल पडतं. दसऱ्यानंतर सुरू करा, आणि तेव्हाही एक लक्षात ठेवा की बहुतेक सुतार-पेंटर दिवाळी-छठला गावी जातात, गेले की आपल्या मनाने परत येतात. म्हणजे एकतर दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत फक्त लाईट आणि रंग उरका आणि सुतारकाम दिवाळीनंतर घ्या, नाहीतर सगळंच दिवाळीनंतर. पावसाळ्याचा उपयोग एकच, घरातली कुठली भिंत ओली होते ते या चार महिन्यांत फुकट कळतं, ते मात्र नीट बघून ठेवा.

आता मूळ मुद्दा. मी नौपाड्यात बसून वीसेक वर्षं हेच काम करतेय, आणि लोक रिफ्रेश म्हणाले की पहिला फोन सुतारालाच करतात. तो बिचारा आला की त्याला भिंत दिसली की पॅनल दिसतं, कोपरा दिसला की कपाट दिसतं, त्याचा धंदाच तो आहे, त्यात चूक काही नाही. पण तुमच्यासारखी जी दहा-बारा-पंधरा वर्षं जुनी घरं मी बघते, मग ती घोडबंदरला असोत, खारघरला, नेरुळला की वर्तकनगरला, ती जुनी दिसतात ती आधी उजेडामुळे आणि नंतर सामानामुळे. हॉलमध्ये एका भिंतीवर पांढरीफटक ट्यूब, चारी बाजूंनी कपाटं, माळ्यावर खोकी, त्यात तुम्ही नवीन पॅनल लावलंत तर त्या पॅनलवरही तोच पांढराफटक उजेड पडणार आहे.

म्हणून लाईटपासून सुरुवात. हल्ली जे फोटो बघून घर उबदार, महागडं वगैरे वाटतं त्यातलं निम्मं काम 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर लाईटने केलेलं असतं. बल्बच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, आपली नेहमीची पांढरी ट्यूब 6500 असते, मधली 4000. नुसते बल्ब बदलून बघा, त्याला किती खर्च येतो? हॉल आणि बेडरूमला 3000, किचनच्या ओट्यावर आणि मुलाच्या टेबलावर 4000, आणि 6500 घरातून हद्दपार. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो, 90 किंवा वरचा घ्या. स्वस्तातल्या लाईटखाली चेहरे आजारी आणि पोळ्या राखाडी दिसतात त्याचं कारण बऱ्याचदा हाच आकडा कमी असणं असतं.

पण इथे एक भांडण होणार, आत्ताच सांगून ठेवते. सासूबाई म्हणणार अंधार केलात घरात. आणि त्यांचं बरोबर असतं! साठीनंतर डोळ्याला विशीतल्या माणसापेक्षा दोन-तीन पट जास्त उजेड लागतो, हा हट्ट नाही, डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं म्हणून. तर करायचं काय, हॉलची वायरिंग तीन बटणांवर वाटायची. एका बटणावर सीलिंगच्या कडेची किंवा भिंतीवरची मंद लाईट, दुसऱ्यावर छतातले चार-सहा चांगले लाईट जे पूर्ण लागले की घर लख्ख दिसेल, आणि तिसऱ्यावर सासूबाई जिथे बसून पेपर वाचतात किंवा भाजी निवडतात तिथे त्यांच्या खुर्चीच्या बाजूला एक उभा दिवा किंवा भिंतीवरचा दिवा, त्याचं बटण त्यांच्या हाताला लागेल असं. एवढं केलं की पाहुणे आल्यावर वेगळं घर, टीव्ही बघताना वेगळं, आणि भांडण नाही. बाथरूमला जाण्याच्या वाटेवर पॅसेजमध्ये खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर सेन्सरवाला छोटा लाईट जरूर टाका, हे ट्रेंडमध्येही आहे आणि रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला खरोखर उपयोगाचंही आहे.

फॉल्स सीलिंग पूर्ण हॉलभर करू नका. आपल्या बिल्डिंगमध्ये जमिनीपासून स्लॅब साडेनऊ फुटांच्या आतबाहेर, त्यात सहा इंच खाली उतरलात की पंखा डोक्यावर येतो आणि घर बुटकं दिसतं. आता चाललंय ते असं की फक्त एका बाजूला, पडद्यांच्या वर किंवा टीव्हीच्या भिंतीला लागून, फूट-दीड फूट रुंदीची जिप्समची पट्टी उतरवायची, त्यात प्रोफाइल लाईट (ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली एलईडी) आणि पडद्याचं चॅनल दोन्ही लपवायचं आणि बाकी छत मोकळं सोडायचं. मॅग्नेटिक ट्रॅक लाईट (चुंबकाने पट्टीला धरणारे, सरकवता येणारे) छान दिसतात पण तुमच्या बजेटमध्ये नकोत. पंखे जुने असतील तर या निमित्ताने बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावून टाका, जुना पंखा 75 वॉटच्या आसपास खातो आणि हे 28 ते 35 मध्ये भागवतात, आणि रिमोट असल्यामुळे बोर्डावरचा रेग्युलेटरही जातो.

आता लाइमवॉश. मला स्वतःला हा ट्रेंड आवडतो, आणि मजा म्हणजे आपल्या आज्या गणपतीच्या आधी घराला चुना काढायच्या तो हाच, आता त्याला स्क्वेअर फुटाचा रेट आलाय. खरा लाइमवॉश म्हणजे विरवलेला चुना आणि पाणी, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगडासारखा घट्ट होतो, त्याला बुरशी सहज धरत नाही आणि भिंतीला श्वास घेता येतो. पण तुमच्या भिंतीवर बारा वर्षांचे प्लास्टिक इमल्शनचे थर आहेत, त्यावर खरा चुना धरत नाही, एकतर सगळं खरवडून प्लास्टरपर्यंत जायला लागतं किंवा वर वेगळा प्रायमर लागतो. म्हणून बाजारात लाइमवॉश म्हणून जे मारून देतात ते बहुतेक वेळा ॲक्रेलिकचं, तसं दिसणारं फिनिश असतं. वाईट नाही ते, फक्त पैसे देताना आपण काय विकत घेतोय ते विचारा. आणि दोन्हीत एक अडचण सारखीच, ओल्या फडक्याने घासून पुसता येत नाही. डायनिंगच्या मागे, मुलाच्या पलंगाला लागून, स्विचबोर्डच्या आजूबाजूला अजिबात नको. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात, तिथेही नको. मग उरली कुठली? टीव्हीच्या मागची किंवा दारातून आत आल्यावर समोर दिसणारी, तिथे करा, एकच.

आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा. पलीकडे बाहेरची बाजू असेल, त्यातही पश्चिम किंवा नैऋत्येला तोंड असेल, तर पावसाचा मारा थेट त्याच भिंतीवर असतो. पलीकडे बाथरूम असेल तर ओल तिथून. भिंत ओली आहे का हे हाताने कळत नाही, त्याला सोपा उपाय आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या, भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करा, हवा जायला नको, आणि दोन दिवस तसाच राहू द्या. नंतर काढून बघा. भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय, प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे. पहिलं निघालं तर रंग, वॉलपेपर, पॅनल सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी बाहेरच्या भेगा, खिडकीच्या चौकटीचं सिलिकॉन, वरच्या मजल्याचं बाथरूम हे बघायचं. बाहेरची भिंत सोसायटीची असते, अर्ज आजच द्या, कारण कमिटीची मीटिंग, मग कोटेशन, मग दोरीवर लटकून काम करणारी माणसं मिळणं, यात दिवाळी उजाडते.

हेच फ्लूटेड पॅनलचं. ओल्या भिंतीवर चारकोल किंवा पीव्हीसीचे पॅनल चिकटवून झाकपाक करणारे खूप आहेत, सहा महिने छान दिसतं, नंतर सोफ्यावर बसलं की कुबट वास यायला लागतो आणि मागे काळी बुरशी वाढलेली असते, ती दिसतही नाही. आणि कोरड्या भिंतीवरसुद्धा माझं मत विचाराल तर फ्लूटेडचा बहर ओसरलाय. प्रत्येक बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, प्रत्येक दाताच्या दवाखान्यात तेच उभे दांडे आलेत. यादीतलं पहिलं जुनं दिसणारं हेच. शिवाय घोडबंदरची धूळ तुम्हाला मी काय सांगू, रस्त्याचं आणि मेट्रोचं काम, वरून रोजची उदबत्ती, त्या प्रत्येक खाचेत ती बसते, आणि एकदा तेलकट झाली की जुना टूथब्रश घेऊन एकेक खाच घासत बसायचं. हौसच असेल तर टीव्हीच्या एका बाजूला दीड फुटाची एक पट्टी, पॉलिमरची, एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पाटीची) नको. पूर्ण भिंत नाही.

कमानी करायच्याच असतील तर रंगाने काढा. पॅसेजच्या शेवटी किंवा मुलाच्या टेबलामागे भिंतीवर कमानीच्या आकारात गडद रंग, कंटाळा आला की रोलर फिरवायचा. जिप्सम-एमडीएफच्या कमानी करून दरवाज्यांची उंची कमी करू नका, आणि कुठल्याही परिस्थितीत बीम-कॉलमला छिन्नी लावू देऊ नका, गवंडी जरासं टोचतो काही होत नाही असंच म्हणतो.

रंगाबद्दल. दरवर्षी एक रंग जाहीर करणाऱ्या पँटोन कंपनीने 2025 साठी मोका मूस नावाचा तपकिरी निवडला होता आणि तेव्हापासून कॉफी, माती, गेरू, ऑलिव्ह असे रंग सगळीकडे आलेत, राखाडी मागे पडलाय, माझ्या मते बरंच झालं, पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात राखाडी हॉल म्हणजे सरकारी दवाखान्याची वेटिंग रूम. पण तपकिरी-बेजही सगळीकडे चालत नाही. तुमच्या खिडकीसमोर पन्नास फुटांवर दुसरा टॉवर असेल तर आत येणारा उजेड त्या टॉवरच्या रंगावरून उसळून आलेला असतो, त्यात बेज चिखलासारखा दिसतो. शेडकार्डवर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो तो, अंधाऱ्या हॉलसाठी 60 च्या वरचा घ्या आणि गडद हौस पॅसेजमध्ये किंवा बेडरूमच्या एका भिंतीवर भागवा. भिंत, दार, चौकट, छत सगळं एकाच रंगात बुडवून टाकायची फॅशन आहे ना, ती आपल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये फार सुंदर दिसते, कारण तिथे सात दारांचे सात तुकडे दिसायचे बंद होतात. रंग ठरवताना छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटाचा पॅच मारा आणि सकाळी, तीन वाजता आणि रात्री तुमच्याच नवीन लाईटखाली बघा, म्हणून लाईट आधी म्हटलं.

अजून एक, घरात मुलगा आणि वयस्कर माणूस आहे म्हणून. भारतात घरगुती रंगांमध्ये शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम 2017 मध्ये लागू झाला. तुमच्या दारांवरचा, ग्रिलवरचा ऑइलपेंट त्याच्या आधीचा आहे. त्याला कोरडा पॉलिशपेपर मारून घरभर धूळ उडवू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा, आणि त्या दिवशी ती खोली बंद, भांडी-कपडे झाकून, नंतर लादी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका.

केन. वॉर्डरोबच्या शटरला केनची जाळी फोटोत फार गोड दिसते, पण आपल्या पावसाळ्यात ती सैल पडते, एसी चालू झाला की आवळते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत काळे ठिपके धरतात. वॉर्डरोब बहुतेक आतल्या, बंद खोलीत असतं तिथे तर नक्कीच. केन लावायची खरी जागा म्हणजे दाराजवळचं चप्पल-बुटांचं कपाट, तिथे वारा लागतो, आतला कोंदट वासही बाहेर जातो, आणि समजा खराब झालीच तर दोन छोट्या शटरांची जाळी बदलायला कितीसं लागतंय.

सोफा. पांढरा बूक्ले नको ताई, प्लीज. त्याच्या त्या बारीक गाठींत बांगडी अडकते, धागा निघतो, धूळ बसते आणि ओला डाग खोल जातो. तुमचा आत्ताचा सोफा कसा आहे ते लिहिलं नाहीत, पण खालची चौकट दणकट असेल, बसल्यावर करकरत नसेल, तर तोच परत भरून घ्या. बसायच्या जागेला 40 डेन्सिटीचा फोम, पाठीला मऊ, हाताचे जाड गुबगुबीत भाग कापून बारीक केले तर सोफा एकदम आजचा दिसतो आणि हॉलमध्ये फूटभर जागा सुटते. कापड जाड, मातकट रंगाचं, काढून धुता येईल अशा खोळी. नवीनच घ्यायचा असेल तर तुर्भ्याच्या आयकियात जाऊन सगळ्यांवर बसून या आणि मग उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातही चक्कर मारा, तिथे माप देऊन बनवून मिळतं, फक्त आतली चौकट कापड चढवायच्या आधी बघायला मिळेल का हे विचारा, जो हो म्हणेल त्याच्याकडे ऑर्डर द्या.

पडद्यांवर थोडे जास्त पैसे घालवा, या खर्चाचं सोनं होतं. खिडकीपुरता नाही, छतापासून जमिनीपर्यंत, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूला फूटभर जास्त, म्हणजे खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. फोटोत पडदे जमिनीवर लोळत असतात, ते आपल्याकडे चालणार नाही, लादी पुसायला येणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी ते काळ्या पाण्यात भिजवतील, जमिनीपासून इंचभर वर ठेवा. कापड मंगळदास मार्केटला जाऊन आणलंत तर निवड भरपूर. आणि सध्या हातमागाचं, आपल्याकडचं कापड घरात वापरायची जी आवड आलीय ती मला मनापासून पटते, खणाच्या दोन उशा, सोफ्याच्या हातावर घोंगडीची पट्टी, बस. पैठणीच्या उशा मात्र करू नका, जर टोचते आणि पैठणीचाही अपमान.

वारलीचा वॉलपेपर यादीत नाही बरं वाटलं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ती कला, आपल्या शेजारच्या डहाणू-जव्हारची, जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तिची छापील गुंडाळी लावण्यापेक्षा त्या भागातल्या कलाकाराकडून कापडावरचं एकच मोठं चित्र घ्या आणि त्यावर एक लाईट सोडा.

किचनमध्ये तुमचे दोन लाख सहज गिळले जातील, तिथे सावध. पूर्ण मॉड्युलर काढून नवीन करायला सगळे सांगतील. आधी एक करा, शटर उघडा आणि सिंकच्या खालच्या खणात, तळाला आणि मागच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं, भुसा आला, तर तो खण गेला, पण बाकीचे खण बऱ्याचदा ठणठणीत असतात. मग सांगाडा तोच ठेवायचा, फक्त सिंकखालचा खण डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) किंवा ॲल्युमिनियममध्ये नवा करायचा, आणि बाकी सगळ्यांची शटरं, बिजागऱ्या आणि चॅनल बदलायची. निम्म्याहून कमी खर्चात किचन नवं दिसतं. शटरला चकचकीत ॲक्रेलिकपेक्षा मॅट लॅमिनेट घ्या, बोटांचे ठसे न उठणारं मिळतं. हँडल न लावता खाच ठेवायची फॅशन आहे, पण कणकेच्या हाताने उघडणार ना तुम्ही, त्या खाचेत पीठ आणि तेल साठतं आणि झुरळांची सोय होते. साधं, लांब, बोट नीट जाईल असं हँडल लावा.

ओट्याचा काळा ग्रॅनाइट असेल तर काढू नका. पांढरा क्वार्ट्झ सुंदर दिसतो पण त्यात रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की कायमचा डाग, आणि हळद वेगळीच. ग्रॅनाइट पॉलिश करून घ्या आणि ओट्यामागच्या भिंतीच्या, म्हणजे डॅडोच्या टाइल्स बदला, नजर तिथेच जाते. बारीक उभ्या किटकॅट टाइल्स घेणार असाल तर गॅसच्या मागे नको, त्यात सांधेच सांधे, रोजची फोडणी, तिथे मोठी एकसंध टाइल आणि सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे तेल-पाणी न शोषणारं भरण. शेगडीपासून लांबच्या भिंतीवर करा ती हौस.

फरशी बदलू नका. दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड असेल तर सांधे खरवडून एपॉक्सी भरा आणि मशीनने घासून घ्या. टाइलवर टाइल लावली तर स्लॅबवर वजन वाढतं, सोसायटीची परवानगी लागते आणि घरातली सगळी दारं खालून कापावी लागतात. बेडरूममध्ये लाकडी हवीच असेल तर एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक) क्लिकच्या पट्ट्या, पाणी सोसतात. लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग नको, खिडकी एका रात्री उघडी राहिली की फुगलं.

सासूबाईंचं सागवानी कपाट विकायचंय म्हणता, ते का? पॉलिश काढून, आतली वाळवी तपासून, मॅट पॉलिश मारा आणि हॉलमध्ये आणा, खाली टीव्हीचे बॉक्स, वर पितळी भांडी. आज बाजारात एमडीएफला सागाचं चित्र चिकटवून जे विकतात त्यापेक्षा ते कितीतरी वरचं आहे, आणि जुन्या-नव्याची सरमिसळ सध्या लोक मुद्दाम पैसे देऊन करतात. त्या बदल्यात बेडरूममधलं दुसरं, दार न लागणारं कपाट आणि माळ्यावरचं सामान काढा. मुलाला टेबल दोन फूट खोल आणि तीस इंच उंच, खिडकी डाव्या हाताला येईल असं, तो डावखुरा असला तर उलट. देव्हाऱ्याच्या मागे लाईटवाली पांढरी जाळी करणार असाल तर समईच्या वर दोन फूट मोकळे सोडा आणि खाली दगड ठेवा, लॅमिनेट तापून सुटतं.

आता सुतार. त्याच्याशी बोलताना स्क्वेअर फुटाचा रेट ऐकून खूश होऊ नका, त्यात काय काय धरलंय ते लिहून घ्या. माप समोरून धरणार की आतलंही, माळा वेगळा मोजणार का, आतून लॅमिनेट की नुसता रंग, बिजागऱ्या कुठल्या कंपनीच्या, जीएसटी धरून की वरून. प्लाय आला की स्वतः खाली उतरा. किचन-बाथरूमजवळ आयएस 710 चं (मरीन प्लाय), बाकीकडे आयएस 303 मधलं बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारं), आणि शीटवर छापलेला लायसन्स नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, नंबर खोटा असेल तर तिथल्या तिथे कळतं. टेप लावून जाडीही मोजा, 18 मिमी म्हणून 16 चा खपवणारे भरपूर. आठ बाय चारची शीट लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने चढवायची मजुरी मजल्यागणिक लागते, ती कोणाकडे हे आधी ठरवा. राबिटच्या (तोडफोडीच्या मलब्याच्या) गोण्या कोण, कधी, कुठे टाकणार तेही, नाहीतर सोसायटी तुमचं डिपॉझिट धरून ठेवते.

पैसे साधारण असे वाटा: ओल असेल तर आधी तिच्यासाठी बाजूला, मग लाईट-पंखे-वायरिंगला लाखाच्या आत, तेवढेच रंगाला, किचनला दीड, पडदे-सोफ्याला एक, उरलेल्यात सुतार. राहत्या घरात काम आहे म्हणून एकावेळी एकच खोली उघडा, सासूबाईंची खोली सगळ्यात आधी पूर्ण करून त्यांना तिथे स्थिर करा, मुलाची सगळ्यात शेवटी आणि त्याच्या प्रिलिमच्या आत, किचनला सलग आठ दिवस धरून त्या आठ दिवसांचा डबा आधीच लावून ठेवा. शेवटचे दहा टक्के सगळी शटरं उघडून-मिटून, सगळी बटणं दाबून बघितल्याशिवाय देऊ नका, आणि इलेक्ट्रिशियनकडून लाईटचे ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारे छोटे डबे) कुठे लपवलेत त्याचा मोबाईलवर फोटो आणि त्यांची बिलं मागून घ्या, पहिला ड्रायव्हर उडाला की तेच शोधावं लागतं.